वरची शेती, खालचं शहर आणि मधली नदी: ठिबकने वाचलेलं पाणी नेमकं कोणाचं?

जलरेखा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज धागा काढतेय कारण एका अभ्यासगटासाठी टिपण लिहायचंय आणि अडकलेय. विषय नेहमीचाच. एक पाणलोट, वरच्या अंगाला शेती, मध्ये धरण, खाली शहर आणि शहराच्याही खाली नदी, जिला नदी म्हणायचं की नाला हे महिन्यावर अवलंबून. शहर वाढतंय त्याला पाणी हवं, शेतीला तर हवंच, आणि नदीतही काहीतरी राहू द्या म्हणणारे आम्ही लोक, ज्यांना दोन्हीकडून बोलणी बसतात.

माझा कच्चा मसुदा असा: शहराने वरच्या शेतकऱ्यांना ठिबकसाठी पैसे द्यायचे. पाटाने १०० भाग पाणी लागत होतं तिथे समजा ६० लागेल. उरलेल्या ४० पैकी ३० शहराला, १० नदीला. शेतकऱ्याचं उत्पन्न तेवढंच, शहर खूश, नदी खूश. कागदावर हे इतकं छान दिसतंय की मलाच भीती वाटायला लागलीये. कुठे चुकतेय ते सांगा, तावातावाने सांगितलंत तरी चालेल.

नळकोंडाळं

सतरंजी टाकून बसलोय. होऊ द्या.

बांधावरचा

ताई, तुमच्या गणितात माणूसच नाहीये हो. मी शेती करतो म्हणून सांगतो. ठिबक मला नको असं अजिबात नाही, मजुरी वाचते, तण कमी येतं, खत नळीतूनच देता येतं, रात्रीबेरात्री पाणी धरायला उठावं लागत नाही. पण ४० भाग उरले तर ते मी शहराकडे सोडीन हे कोणी ठरवलं? शेजारचा तुकडा पाण्यावाचून पडीक आहे तो मी ओलिताखाली आणणार, नाहीतर आहे त्याच रानात अजून एक पीक घेणार. तुम्हीही तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे नळ्या काही जन्मभर टिकत नाहीत. क्षार बसतो, छिद्रं चोंदतात, उंदीर कुरतडतात. तेव्हा शहर परत पैसे देणार का, की पहिल्या वर्षी फीत कापून फोटो काढले की विषय संपला? माझा वाटा मात्र १०० वरून ६० झाला तो झालाच, तो काही परत १०० होत नाही.

आकडेमोड

बांधावरचा म्हणतात ते बरोबरच, पण समजा ते अगदी सज्जन आहेत आणि एक गुंठाही वाढवला नाही :) तरी हिशोब जमत नाही. तुमचेच १०० भाग घेऊ. पुढचे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्षात जमीन, पीक, उतार यावर सगळं बदलतं.

पाटाने १०० भाग दिले. त्यातले ५५ पिकाने शोषून पानांतून हवेत सोडले. १० उघड्या ओल्या मातीवरून उडाले. ३५ मुरले किंवा वाहून गेले. आता ठिबक. ६० दिले, पीक तेच आणि तेवढंच असल्यामुळे त्याला ५५ लागणारच, मातीवरून २ उडाले, ३ मुरले. म्हणजे तुमचे ४० जे वाचले त्यात खरोखर हवेत जायचे थांबले ते फक्त ८. बाकीचे ३२ आधीही वाया जात नव्हते, ते मुरून खालच्या कोणाच्या तरी विहिरीत, ओढ्यात, धरणात उतरत होते. तुम्ही त्यातूनच ३० उचलून शहराला दिलेत.

यालाच सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास म्हणतात. एका शेतापुरतं बघितलं तर पाणी वाचतं, अख्ख्या खोऱ्याचं बघितलं तर फारसं वाचत नाही, आणि क्षेत्र वाढलं तर उलट जास्तच खर्च होतं. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात सरकारने शेतावरच्या सुधारणांना मोठी अनुदानं दिली, बदल्यात पाण्याचे हक्क नदीसाठी घेतले, आणि मग तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी विचारलं की परतीचा प्रवाह, म्हणजे शेतातून मुरून-वाहून नदीला परत मिळणारं पाणी, किती कमी झाला ते मोजलंत का. वाद अजून चालू आहे.

जलरेखा

अरे देवा. म्हणजे मी खालच्या विहिरी उपसून शहराला पाणी दिलं आणि वर त्याला बचत म्हटलं.

तळ्याकाठी

आणि नदीला जे १० भाग दिलेस ना, तेही तिचेच होते. कोरड्या महिन्यांत नदीत जे थोडंफार वाहतं ते वरच्या बाजूने मुरून सावकाश येणारं पाणीच असतं. धरणातून एकदम सोडलेलं पाणी आणि पाझरून आलेलं पाणी यात माशांच्या दृष्टीने खूप फरक आहे. पाझराचं पाणी गार असतं, संथ असतं आणि रोज असतं. धरणातलं दार उघडलं की येतं आणि बंद केलं की संपतं, काठावर घातलेली अंडी उघडी पडतात. महिन्याची बेरीज सारखी आली म्हणून दोन्ही सारखं होत नाही.

बांधावरचा

म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाणी वाया घालवतो म्हणून बोलणी खाल्ली आणि त्या वाया घालवलेल्या पाण्यावर नदी चालत होती. वा!

गाळमास्तर

बांधावरचा, एवढेही खूश होऊ नका :) मी आयुष्यभर धरणं आणि शुद्धीकरण याच कामात होतो. मुरणारं पाणी एकटं जात नाही, जाताना युरिया घेऊन जातं. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं, मातीला चिकटत नाही, सरळ खाली विहिरीत. तान्ह्या बाळांना त्याचा त्रास होतो, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. शिवाय पाट जास्त सोडला की जमिनी खारावतात, चिबडतात. म्हणून ठिबक वाईट नाही, ठिबकचं कारण चुकीचं सांगितलं जातंय. पाणी जादा मिळेल म्हणून नाही तर पाणी स्वच्छ राहील म्हणून शहराने त्यासाठी पैसे द्यावेत. मुरलेलं पाणी खाऱ्या भूजलात किंवा थेट समुद्रात जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ठिबकने खरंच पाणी वाचतं.

नळकोंडाळं

मास्तर, शहराने शेतकऱ्याला पैसे द्यायचे हे नुसतं ऐकायला बरं वाटतं. कुठल्या शहराने असं केलंय का? आम्ही नळपट्टी भरतो ती गळक्या पाइपांत जाते, तीच आधी दुरुस्त करा की.

गाळमास्तर

गळतीचं मान्य, तो वेगळा धागा होईल. आणि हो, केलंय. न्यूयॉर्क. लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

न्यूयॉर्क शहराचं जवळजवळ सगळं पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या डोंगराळ भागातून येतं, दिवसाला साधारण १०० कोटी गॅलन. तिथे जंगल आहे तशी दुभत्या जनावरांची शेतीही आहे. १९८९ साली अमेरिकेत नियम आला की तळ्या-धरणांतलं पाणी गाळल्याशिवाय लोकांना द्यायचं नाही, सूट हवी असेल तर उगमाची राखण नीट होते हे सिद्ध करा. गाळणी प्रकल्पाचा अंदाज निघाला ६०० कोटी डॉलरच्या पुढे, शिवाय दर वर्षी चालवायचा खर्च. शहराने मग काय करावं? सोपा मार्ग धरला. १९९० मध्ये वरच्या भागासाठी नियमांचा मसुदा काढला, ओढ्यापासून इतक्या अंतरात हे करायचं नाही, ते करायचं नाही. शेतकरी भडकले. अशोकन धरण बांधताना, म्हणजे १९०७ ते १९१५ च्या काळात, याच शहराने सक्तीने जमिनी घेऊन सुमारे २,००० माणसं हलवली होती, गावं पाण्याखाली गेली, कबरी उकरून दुसरीकडे न्याव्या लागल्या. आजोबांनी सांगितलेलं नातवंडं विसरली नव्हती.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शहराने नियम बाजूला ठेवले आणि शेतकऱ्यांशी बोलणी सुरू केली. ठरलं असं की शेतकऱ्यांचंच मंडळ कार्यक्रम चालवेल, प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा होईल, खर्च सगळा शहराचा आणि सामील व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण शहराने एक अट घातली, पाच वर्षांत ८५ टक्के शेतं आली पाहिजेत नाहीतर नियम परत येतील. ९० टक्क्यांच्या वर आली. मग जानेवारी १९९७ मध्ये मोठा करार झाला, त्यात शहराने सक्तीने जमीन घेण्याचा हक्क सोडला, विकायची इच्छा असेल त्याच्याकडूनच घेऊ म्हणाले. पहिल्या दहाएक वर्षांत साधारण १५० कोटी डॉलर खर्च झाले असतील, गाळणी प्रकल्पाच्या मानाने कितीतरी कमी.

शेतावर केलं काय म्हणाल तर अगदी साधी कामं. शेण साठवायला पक्की जागा, गोठ्याभोवतीचं पावसाचं पाणी वळवणं, ओढ्याकाठी कुंपण घालून जनावरांना वेगळं पाणी प्यायची सोय. वासरांसाठी वेगळे गोठे. वासरं का, तर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू लहान वासरांच्या शेणातून येतो आणि क्लोरिनला दाद देत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात तो पाण्यात शिरला आणि ४ लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली. न्यूयॉर्कवाल्यांना घाम फुटला तो काही उगाच नाही.

बांधावरचा

मास्तर, हे वाचून बरं वाटलं. "शेतकऱ्यांचंच मंडळ" हे दोन शब्द अधोरेखित करा. आमच्याकडे कोणी तपासनीस पाठवला तर आम्ही कुंपणाच्या आत घेणार नाही, पण शेजारचा सांगायला आला की बाबा तुझ्या उकिरड्याचं पाणी ओढ्यात जातंय, तर चहा पाजून ऐकून घेऊ.

आणि तो ८५ टक्क्यांचा बडगा पण लक्षात आला बरं का. नुसतं प्रेमाने नाही झालं ते.

आकडेमोड

+१. ऐच्छिक होतं पण मागे काठी होती. हे बरेच लोक सांगताना गाळतात.

मी एक भर घालतो. फ्रान्समध्ये व्हिटेल इथे बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला झऱ्यात नायट्रेट वाढेल अशी भीती वाटली, १९८० च्या दशकाच्या शेवटी. सरकारी कृषी संशोधन संस्थेची माणसं काही वर्षं शेतकऱ्यांबरोबर बसली, कोण काय पिकवतो, कोणावर कर्ज किती, जमीन कोणाला हवीये. मग १८ ते ३० वर्षांचे करार झाले. मका बंद, रासायनिक खत-औषध बंद, शेणाचं कंपोस्ट. बदल्यात सुरुवातीची पाच वर्षं दर वर्षी हेक्टरी साधारण २०० युरो, जमिनीचं कर्ज माफ, शिवाय कंपोस्ट शेतात पसरायला माणसं कंपनीची. २७ पैकी २६ शेतं आली. पैसा होताच पण अभ्यासकांचं म्हणणं असं की करार लांब मुदतीचा होता आणि शेतकऱ्याचा धंदा मोडणार नाही याची खात्री होती म्हणून ते जमलं. बांधावरचा यांच्या उंदराने कुरतडलेल्या नळ्यांचं उत्तर तिथे आहे, करार एका अनुदानाचा नसून एका पिढीचा हवा.

नळकोंडाळं

पण व्हिटेलला बाटली विकून नफा होता. महापालिकेला कसला नफा? आणि झरा एकाचा, शेतं २७. मोठ्या खोऱ्यात लाख शेतकरी असतात, लाख जणांच्या घरी जाऊन कर्ज विचारणार?

आकडेमोड

रास्त शंका. सगळीकडे जमत नाही. शेतं जितकी जास्त आणि खालचा पैसेवाला ग्राहक जितका विखुरलेला तितका करार अवघड. म्हणून लाखो शेतांना हात न लावता आधी बघायचं की सगळ्यात जास्त गाळ, खत कुठून येतंय. बहुतेक ठिकाणी थोड्याशा जमिनीतून बराचसा गाळ येतो, तीव्र उतार, ओढ्याला लागून नांगरलेली रानं, कच्चे रस्ते. पैसे तिथे आधी.

तळ्याकाठी

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण आम्ही संवर्धनवाले पण धुतल्या तांदळासारखे नाही.

अमेरिकेतलं ईरी सरोवर. २ ऑगस्ट २०१४ ला त्याच्या काठच्या टोलेडो शहराने ४ लाखांहून जास्त लोकांना सांगितलं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष त्यात आलं होतं आणि उकळल्याने ते जात नाही. जवळजवळ तीन दिवस. शेवाळ कशावर पोसलं, तर मुख्यतः मॉमी नदीतून येणाऱ्या स्फुरदावर (फॉस्फरस), आणि ते बहुतेक शेतीतलं. आता गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) अशी की त्या खोऱ्यातले शेतकरी काही बेफिकीर नव्हते. मातीची धूप थांबावी म्हणून त्यांना बिननांगरणीची शेती करा असं सांगितलं गेलं होतं, त्यांनी ती केली, धूप खरंच कमी झाली, मातीच्या कणांबरोबर जाणारं स्फुरद घटलं. पण नांगरट नाही म्हणून खत वरच्या वरच राहायला लागलं आणि पावसात विरघळून जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून थेट नदीत. विरघळलेलं स्फुरद शेवाळाला जास्त सोयीचं. नळ्या, पाऊस, खताची वेळ अशी कारणं बरीच आहेत, पण धूप थांबवायच्या उपायाचाही त्यात हात होता असं अनेक अभ्यासकांना वाटतं. उपाय होता खत मातीत थोडं खोल पेरणं, तो नंतर सुचला.

म्हणून "संवर्धन" असा शिक्का मारलेला उपाय आपोआप चांगला नसतो. कशाचं संवर्धन, मातीचं की पाण्याचं, हे आधी विचारावं लागतं.

बांधावरचा

ताई तुम्ही संवर्धनवाल्या असून हे लिहिलंत म्हणून राम राम. मग झाडांचं पण सांगाच. वर डोंगरावर झाडं लावली की पाणी वाढतं, हे आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकवतात.

तळ्याकाठी

तेवढं सोपं नाही हो तेही. झाड पाणी पितं आणि मुळं खोल असतात म्हणून कोरड्या दिवसांतही पीत राहतं. १९८२ मध्ये जगभरातल्या ९४ पाणलोटांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा झाला होता. झाडी कमी केली की ओढ्यात वर्षाचं एकूण पाणी वाढतं, झाडी वाढवली की घटतं, असं त्यात दिसलं. पण म्हणून झाडं तोडा असं कोणी वाचू नका!! जंगलातून येणारं पाणी स्वच्छ असतं, गाळ कमी, पूर जरा सावकाश. उघडी, तुडवलेली, कडक झालेली जमीन असेल तर तिथे झाडी-गवत आल्यावर पाणी मुरायला लागतं आणि कोरड्या महिन्यातला प्रवाह सुधारूही शकतो. प्रश्न कुठली झाडं, कुठे आणि आधी तिथे काय होतं हा आहे. मूळ गवताळ डोंगरावर भराभर वाढणारी बाहेरची झाडं लावली तर खालचं धरण रिकामं करायची उत्तम सोय.

केपटाउनमध्ये नेमकं हेच झालंय. धरणांच्या वरच्या डोंगरांवर मूळचं फिनबॉस म्हणजे बुटकं झुडुपी रान. त्यात बाहेरून आणलेले पाइन, ऑस्ट्रेलियन बाभळी, निलगिरी पसरले. शहराच्या जलनिधीच्या (पाणलोट राखायला पैसे उभे करणारा निधी) अभ्यासात निघालं की ही झाडं वर्षाला सुमारे ५,५०० कोटी लिटर पाणी खातात, म्हणजे शहराचा दोन महिन्यांचा पुरवठा. तिथे निसर्ग राखायचा तर झाडं तोडावी लागतात. १९९५ पासून सरकारचा कार्यक्रमच आहे, बेरोजगारांना काम देऊन ही झाडं काढायची. पण एकदा तोडून भागत नाही, बी मातीत असतं, दोन-तीन वर्षांनी परत जावं लागतं, आणि त्या परत जाण्याला पैसे कोणी देत नाही. उंदीर आणि नळ्यांची गोष्ट इथेही आहेच.

नळकोंडाळं

केपटाउन म्हणजे ते डे झिरोवालं ना? सगळे नळ बंद होणार होते. तिथे शेतकऱ्यांचं काय झालं?

गाळमास्तर

तिथे धरणं शहर आणि शेती दोघांची, एकच जाळं. साधारण तिसरा हिस्सा शेतीचा. २०१५ ते २०१७ लागोपाठ पाऊस कमी. शेवटी शेतीला ६० टक्के कपात लागली, शहराला ४५ टक्के. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर. शहराचा वापर २०१५ च्या सुरुवातीला दिवसाला १२० कोटी लिटरच्या घरात होता, तो निम्म्यापेक्षा खाली, ५० कोटींच्या आसपास आणला लोकांनी. त्याच फेब्रुवारीत ग्रॅबो भागातल्या सफरचंदवाल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने स्वतःच्या धरणातलं १,००० कोटी लिटर पाणी शहराच्या धरणात सोडलं. त्याने तो दिवस पुढे ढकलायला मदत झाली. मग हिवाळ्यात पाऊस आला.

शेतीची बाजू पण सांगायला हवी. हिस्सा संपल्यावर शेतीचं पाणी बंदच झालं काही ठिकाणी. फळबाग एक वर्ष सुकली तर पुढची कित्येक वर्षं जातात. आणि हंगामी मजुरांचा रोजगार बुडाला, त्यांना कोणी विचारलंच नाही. शहरातला माणूस बादलीत अंघोळ करून पुन्हा शॉवरखाली गेला. कपातीचे टक्के शेजारी शेजारी मांडले म्हणून त्रास सारखा होत नाही.

जलरेखा

मास्तर, आणि नदीचं? तिथे नदीला किती कपात?

तळ्याकाठी

दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या जल कायद्यात "राखीव" नावाची गोष्ट आहे. माणसांच्या किमान गरजेचं आणि नदीच्या जगण्यापुरतं पाणी आधी बाजूला, मग उरलेल्याचं वाटप. कायदा म्हणून मला तो फार आवडतो. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच नद्यांत ते पाणी ठरवायला आणि सोडायला खूप उशीर झाला.

दुसरी रीत मरे-डार्लिंगची. २००७ चा जल कायदा, २०१२ ची खोरे योजना. तिथे नदीसाठी पाण्याचे हक्क विकत घेतले, म्हणजे नदी पण एक खातेदार. शेतकऱ्याच्या हक्काला दुष्काळात ३० टक्के पाणी मिळालं तर नदीच्या त्याच प्रकारच्या हक्कालाही ३० टक्केच. वर्षाला २,७५० अब्ज लिटर नदीसाठी मिळवायचे असं उद्दिष्ट होतं. त्याच्या आधी २०१० मध्ये पहिला आराखडा आला तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या होत्या. आणि एवढं करूनही २०१८ च्या डिसेंबरपासून मेनिंडीपाशी डार्लिंगमध्ये लाखो मासे मेले. दुष्काळ होताच, पण वरून पाणी उचललं गेलं म्हणून खाली डबकी उरली होती, असं तज्ज्ञांनी लिहिलं. खात्यावर पाणी आहे आणि पात्रात नाही, असंही होतं.

आकडेमोड

एक विसरलेलं पाणी: शहराने वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे शेती पाणी बऱ्यापैकी हवेत सोडते, शहर ते मुख्यतः घाण करतं. शुद्ध करून परत शेतीला दिलं तर अदलाबदल जमते. इस्रायलमध्ये बहुतेक सगळं सांडपाणी शुद्ध करून शेतीला जातं.

बांधावरचा

हां, आणि धरणाचं गोड पाणी तुम्ही पिणार, आम्ही तुमचं सांडपाणी घेणार. आधी हे मोठ्याने म्हणून बघा कसं वाटतं. तरी मी नाही म्हणत नाही, नत्र फुकट मिळतं आणि पाऊस नसला तरी शहर काही अंघोळ सोडत नाही त्यामुळे भरवशाचं पाणी. पण मीठ? साबण-पावडरचं सोडियम? काळ्या जमिनीत ते बसलं की पाच-दहा वर्षांत माती दगड होते, पाणीच आत जात नाही. अदलाबदल करायची तर दर वर्षी माझ्या मातीची तपासणी शहराने करावी आणि बिघडली तर भरपाई करारातच हवी.

टेलएंड

इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी शहराच्या खालच्या बाजूला आहे. तुम्ही वरची शेती म्हणता, शहर म्हणता, नदी म्हणता, आमचं नाव कुठेच नाही. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी येत नाही हे आम्ही धरूनच चालतो. आमची विहीर चालते ती दोनच गोष्टींवर, नदीत शहराचं जे काही येतं त्यावर आणि वरच्या लोकांचं जे मुरतं त्यावर. आकडेमोड यांनी ३२ भाग लिहिलेत ना, तो मी. ठिबक वर गेलं आणि सांडपाणी शुद्ध होऊन वरच्या शेतीला गेलं तर दोन्हीकडून आमचंच बंद. आजचं पाणी घाण आहे हे मला माहितीये, वास येतो, पण घाण का होईना आहे. आम्ही कुठल्या करारात सही करायची?

नळकोंडाळं

...

मी मघापासून थट्टा करत होतो. ही पोस्ट दोनदा वाचली.

जलरेखा

मीही. टेलएंड, तुमचे आभार मानू की माफी मागू कळत नाही. मसुदा फाडला, नवीन असा लिहितेय, बघा:

"वाचलेलं पाणी" हा शब्द काढून टाकला. त्याच्या जागी हवेत किती जातं, मुरतं किती आणि मुरलेलं कोणाकडे जातं. शहराने वरच्या शेतीला पैसे द्यायचे ते स्वच्छतेसाठी, गाळ आणि खत अडवण्यासाठी, मुदत २० वर्षांच्या खाली नाही, देखभाल धरून, आणि चालवणारं मंडळ शेतकऱ्यांचं. शहराला जास्तीचं पाणी हवं असेल तर आधी गळती, मग दुष्काळी वर्षापुरतं शेतीकडून भाड्याने, आणि त्या वर्षीच्या मजुरीची भरपाई धरून. नदीसाठी कोरड्या महिन्यांत रोज किमान अमुक इतकं, बेरजेत नाही. सांडपाण्याची अदलाबदल मातीच्या तपासणीच्या अटीवर, आणि नदीत आज जितकं येतं त्यातला ठरावीक भाग शुद्ध करून नदीतच. शहराखालच्या विहिरीवाल्यांना खातेदार धरायचं.

बांधावरचा

बरंय. पण वरच्या शेतीचं क्षेत्र वाढणार नाही ही अट तुम्ही लिहिलीच नाहीत ताई, माझ्या भीतीने वाटतं :) लिहा. मला आवडणार नाही, पण ती नसेल तर टेलएंड भाऊंचं वाटोळं होईल हे मलाही दिसतंय. फक्त त्या अटीचे पैसे वेगळे लावा.

नळकोंडाळं

आणि हे सगळे पैसे नळपट्टीतून?

गाळमास्तर

दुसरं कुठून येणार? पण गरीब वस्तीतल्या पहिल्या बादल्यांवर नको, तरणतलाव आणि हिरवळवाल्यांवर चढता दर लावा. केपटाउनमध्ये चढता दरच होता.

आकडेमोड

जलरेखा, एक विनंती. काहीही सुरू करायच्या आधी खालच्या विहिरींची पातळी किमान दोन-तीन वर्षं मोजून ठेवा. योजना सुरू झाल्यावर मोजायला घेतलं तर मग पाणी पावसामुळे उतरलं की ठिबकमुळे, यावर पुढची वीस वर्षं भांडण.

टेलएंड

माझ्या विहिरीची पातळी मी दर अमावास्येला दोरीने मोजतो, अकरा वर्षांची वही आहे. मध्ये एक पावसाळा राहिलाय, तेव्हा आई आजारी होती. चालत असेल तर फोटो काढून पाठवतो.

जलरेखा

चालेल काय, धावेल! निरोप टाकलाय, बघा.